पुलाचे आयुष्य कोण मोजतो?

आमच्या रांजणगावच्या परिसरात, आणि मला वाटते साऱ्या महाराष्ट्रातच, एक गोष्ट मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. इंग्रजांच्या काळात बांधलेल्या पुलाला शंभर वर्षे होत आली, की पूल बांधणाऱ्या कंपनीचे विलायतेहून पत्र येते : 'आम्ही बांधलेल्या पुलाचे आयुष्य संपले आहे. यापुढे जबाबदारी आमची नाही.' मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पुण्याकडे जाताना कोरेगावला भीमेचा पूल लागतो आणि अहिल्यानगरकडे जाताना शिरूरला घोडनदीचा. या दोन नद्यांच्या मधल्या गावांतून माझे विद्यार्थी येतात. दरवर्षी वर्गात कोणीतरी ही गोष्ट सांगतोच. मी विचारते, ते पत्र कोणी पाहिले आहे? पाहिलेला कोणी भेटत नाही. पाहिलेल्याला ओळखणारा मात्र हमखास भेटतो.

ही गोष्ट इतकी का टिकली, याचा विचार केला पाहिजे. तिच्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. पहिली अशी, की पुलाचे आयुष्य त्याच्या जन्माच्याच वेळी ठरते. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात, तसे. दुसरी अशी, की ते लिहिलेले वाचणारा कोणीतरी दूर, मोठ्या ठिकाणी बसलेला आहे. इथल्या माणसाला ते कळणे नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या नुसत्या चुकीच्या असत्या तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्या माणसे मारतात.

माझे वडील रस्त्यावर मैलकुली होते. रस्त्याचा ठरावीक तुकडा सांभाळणारा कामगार म्हणजे मैलकुली. खड्डे भरायचे, साइडपट्टीचे गवत काढायचे, मोऱ्यांतला गाळ उपसायचा. त्यांच्या तुकड्यात ओढ्यावरचा दगडी कमानींचा एक पूल होता. पाखरांच्या विष्ठेतून दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजतो, त्याचे मूळ चुना फोडीत आत शिरते आणि काही वर्षांत दगड दगडापासून सुटा होतो. हा पिंपळ कोवळा असतानाच उपटावा लागतो. पिंपळावर मुंजा असतो म्हणून त्याला हात लावायला बाकीचे कचरत. ते काम आमच्या वस्तीतल्या माणसाकडे आले. वडील दर पावसाळ्यानंतर दोर बांधून पुलाच्या अंगावर उतरत आणि पिंपळ काढीत. मी लहानपणी काठावर बसून विचारले होते, पूल पडला तर? ते म्हणाले, "अगं, पूल येकदम पडत न्हाई. आदी बोलतो. आयकनारा पायजे."

पुढे मी पुलांवरची पुस्तके वाचली. त्यांतले बहुतेक शास्त्र म्हणजे हे ऐकणेच आहे. ते कसे चालते ते आधी पाहू.

शंभर वर्षांचा आकडा निराधार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने २०११ साली काँक्रीटच्या पुलांसाठी जी संहिता काढली, तिच्यात साधारण पुलाचे आयुष्य १०० वर्षे धरून आराखडा करावा असे म्हटले आहे. पण हा आकडा भाकीत नव्हे, अट आहे. सिमेंट ठरल्या दर्जाचे असेल, सळई ठरल्या खोलीवर असेल, भार ठरल्या मर्यादेत राहील आणि देखभाल होत राहील, तर शंभर वर्षे. या 'तर'मध्ये सारे आले. अट मोडली की आकडाही मोडतो.

पुलाचे वय म्हणजे त्याचे आयुष्य नव्हे, याला दोन पुलांचा दाखला पुरेसा आहे. दोन्ही १९२८ सालचे. एक अमेरिकेत ओहायो नदीवरचा 'सिल्व्हर ब्रिज' आणि दुसरा आपल्या महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल. सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ऐन रहदारीच्या वेळी कोसळला. ४६ माणसे मेली. सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार नदीत गेली. सुमारे चाळीस माणसांचा जीव गेला. एकाच वर्षी जन्मलेले दोन पूल, आणि आयुष्यात जवळजवळ पन्नास वर्षांचा फरक. कारण एक पोलादी साखळीवर टांगलेला होता आणि त्या साखळीतली एक कडी तुटली की सारा पूल खाली येणार होता. ती कडी तुटली ती सुमारे अडीच मिलिमीटर खोलीच्या तड्यामुळे, आणि तो तडा अशा जागी होता की साखळी सुटी केल्याशिवाय दिसलाच नसता. दुसरा दगडी होता. दगडाला गंज चढत नाही. त्याला मरण येते ते पायाकडून, सांध्यांकडून आणि पाण्याकडून.

म्हणून पुलाचे आयुष्य मोजायचे तर पहिला प्रश्न 'वय किती' हा नाही. 'हा पूल कशाने मरेल' हा आहे.

आज आपल्या भागातले बहुतेक पूल सळई घातलेल्या काँक्रीटचे आहेत. ते कशाने मरतात, ते माझ्या विषयातले आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या अल्कधर्मी वेष्टनात लोखंड गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत झिरपत जातो आणि काँक्रीटचा हा गुण थराथराने मारीत जातो. मेलेला थर सळईपर्यंत पोहोचला, की ओलाव्याच्या संगतीने गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो. पुलाच्या पोटाखालून तपकिरी डाग उतरतात, मग पापुद्रे निघतात, मग सळई उघडी पडते.

हा थर किती आत गेला हे पाहण्याची परीक्षा बारावीच्या विद्यार्थ्यालाही करता येते. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव टाकायचा. जिथे गुलाबी रंग येतो तिथे काँक्रीट जिवंत आहे. जिथे रंग येत नाही तिथे ते संरक्षण देण्याच्या कामाचे राहिलेले नाही. रस्तारुंदीकरणात पाडलेल्या एका मोरीचा तुकडा आणून मी हा प्रयोग वर्गात केला. तुकड्याच्या कडेला बोटभर राखाडी पट्टा राहिला, आतला भाग गुलाबी झाला, आणि सळई त्या राखाडी पट्ट्यात होती. मुले बराच वेळ गप्प होती.

यातून भाकीत कसे करतात? हा थर दरवर्षी सारखा वाढत नाही. त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. एक पूल ३६ वर्षांचा आहे आणि थर २४ मिलिमीटर आत गेला आहे. ३६ चे वर्गमूळ ६. २४ ला ६ ने भागले की ४. हा त्या पुलाचा स्वतःचा आकडा. आता सळईवर काँक्रीटचे आवरण, म्हणजे बांधकामावरचे लोक ज्याला 'कव्हर' म्हणतात ते, ४० मिलिमीटर असेल, तर ४० ला ४ ने भागून १०, आणि १० चा वर्ग १००. म्हणजे गंज सुरू होण्याची पाळी शंभराव्या वर्षी येईल. पण कव्हर २० मिलिमीटरच असेल तर? २० भागिले ४ म्हणजे ५, आणि ५ चा वर्ग २५. कव्हर निम्मे केले तर आयुष्य निम्मे होत नाही, पाव होते. शंभर वर्षांच्या पुलाचा पंचवीस वर्षांचा पूल होतो, आणि उद्घाटनाच्या दिवशी दोन्ही पूल सारखेच दिसतात.

सळईखाली ठेवायचा सिमेंटचा लहानसा ठोकळा, कव्हर ब्लॉक, कोणी ठेवला नाही, किंवा दिवस मावळताना घाईत दगडाची चिप सारून काम उरकले, तर पंचाहत्तर वर्षे गेली. ज्या मजुराने ती चिप सारली त्याला हे गणित कोणी सांगितलेले नसते. ज्याला गणित येते तो त्या वेळी तिथे नसतो. आपल्या समाजात काम आणि ज्ञान यांची जी फारकत झालेली आहे, तिची किंमत अशी मिलिमीटरमध्ये मोजता येते.

दुसरे मरण पायाचे. पुराचे पाणी खांबाला अडते, भोवरा होऊन खाली वळते आणि खांबाच्या बुडाशी तळ खरवडते. पुराचा विसर्ग आणि तळाच्या मातीचा कण यांवरून ही खरवड किती होईल ते काढतात, आणि खांबाभोवती तिची दुप्पट धरून पाया त्याच्याही खाली नेतात. पण हा हिशेब पूल बांधतानाच्या तळावर केलेला असतो. पुढे पुलाच्या आसपासची वाळू उपसून नेली, की तळच खाली जातो. भीमा आणि घोडच्या काठी राहणाऱ्यांना वाळूउपसा म्हणजे काय हे सांगायला नको. वाळूचा एकेक डंपर जातो तेव्हा पुलाच्या आयुष्यातली काही वर्षेही त्यात भरलेली असतात. पुलाच्या वर उभे राहून यातले काही दिसत नाही. रस्ता गुळगुळीत असतो, कठड्याला नुकताच रंग दिलेला असतो.

तिसरे मरण भाराचे. पोलादी पुलात प्रत्येक अवजड वाहनागणिक पोलाद किंचित शिणते. हा शीण भाराच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. भार दुप्पट झाला तर शीण आठपट. सव्वापट भरलेला ट्रक जवळजवळ दोन ट्रकांइतकी झीज करून जातो. रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून आमच्या रस्त्यावरच्या वाहतुकीचे रूपच पालटले. त्याआधीच्या हिशेबाने बांधलेल्या आतल्या रस्त्यांवरच्या पुलांचे भाकीत नव्याने करावे लागते. आणि भार केवळ ट्रकांचा नसतो. पुलावरच्या पदपथासाठी संहितेत दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरला आहे. पण शहरांजवळ, तीर्थक्षेत्री आणि जत्रा भरतात अशा ठिकाणी तो ५०० किलो धरावा असे सांगितले आहे. हा नियम वाचला तेव्हा मला १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला येणारा समुदाय आणि भीमेवरचा पूल आठवला. माणसांचीही मोजदाद करावी लागते, आणि ती आधी करावी लागते.

हे झाले एकट्या पुलाचे निदान. पण शासनाकडे एक पूल नसतो, हजारो असतात, आणि यंदाचा पैसा कोणत्या पुलावर खर्चायचा हे ठरवायचे असते. तिथे दुसरे गणित लागते. आयुर्विमा कंपनी एखादा माणूस केव्हा मरेल हे सांगू शकत नाही, पण चाळिशीच्या लाख माणसांपैकी वर्षभरात किती जातील हे बऱ्यापैकी सांगते. पुलांचेही तसेच. प्रत्येक पुलाला तपासणीनंतर दर्जा देतात. आज उत्तम असलेल्या शंभर पुलांपैकी दोन वर्षांत किती एक पायरी उतरतात, ते नोंदींवरून काढतात. तेच गुणोत्तर पुढे चालवले, की वीस वर्षांनंतर किती पूल धोक्याच्या पायरीवर असतील याचा अंदाज येतो. मार्कोव्ह नावाच्या रशियन गणितज्ञाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. सिल्व्हर ब्रिज पडल्यावर अमेरिकेने १९७१ साली पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम केले : साधारण दर दोन वर्षांनी तपासणी आणि शून्य ते नऊ असा दर्जा. आपल्याकडे सावित्रीच्या दुर्घटनेनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू झाली. तिच्यात सुमारे १ लाख ७२ हजार बांधकामे नोंदवली गेली. त्यांतल्या बहुसंख्य मोऱ्या. प्रत्येकाला ओळखक्रमांक मिळाला. ही मोठी गोष्ट आहे. पण ती राष्ट्रीय महामार्गांपुरती होती. वस्तीला जाणारा पूल, शाळेच्या वाटेवरची मोरी यांना तिच्यात जागा नव्हती. ज्याची नोंद नाही त्याचे भाकीत नाही, आणि ज्याचे भाकीत नाही त्याला अंदाजपत्रकात पैसा नाही.

आता या शास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि त्यासाठी तीन घटना समोर ठेवते.

महाडच्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असे आढळले होते, असे शासनाने घटनेनंतर सांगितले. तीन महिन्यांत पूल गेला. ज्या गावच्या तळ्याचे पाणी मोकळे करण्यासाठी १९२७ साली हजारो माणसे चालत आली, त्याच गावच्या नदीने, त्या लढ्यानंतर वर्षाने बांधलेला पूल नेला. पाणी कोणाला मिळावे याचा झगडा आपण केला. पाणी काय करते आहे याची चौकशी मात्र आपण इतरांवर सोडली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला, ७ माणसे गेली. आदल्याच वर्षीच्या तपासणी अहवालात किरकोळ दुरुस्त्या सुचवून पूल वापरण्याजोगा ठरवला होता. या दोन ठिकाणी ऐकणाऱ्याने नीट ऐकले नाही.

तिसरी घटना वेगळी आहे. आमच्याच पुणे जिल्ह्यात, मावळात, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीखाली पडला. ४ जण मेले, अनेक जखमी झाले. इथे भाकीत चुकले नव्हते. पूल धोकादायक असल्याचा फलक होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. शास्त्राने आपले काम केले होते. पण भाकीत आणि पूल बंद करणे यांच्यामध्ये जी माणसे, ज्या फायली आणि जे अधिकार असतात, त्यांचे आयुष्य मोजणारी परीक्षा कोणी काढलेली नाही.

सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे पैसा होता, यंत्रे होती, अभियंते होते. माणसे मरण्याआधी ते सारे एकत्र येत नाही, एवढेच.

आता वडिलांच्या पुलाकडे परत येते. ओढ्यातली वाळू नेल्यापासून मधल्या खांबाच्या बुडाचे दगड उघडे पडत चालले होते. वडिलांनी ते पाहिले आणि कार्यालयात जाऊन सांगितले. तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा उत्तर मिळाले, तोंडी सांगितल्याची नोंद होत नसते, लेखी द्या. वडील तिसरीपर्यंत शिकलेले. मी तेव्हा आठवीत होते. वहीचा कागद फाडून मी अर्ज लिहिला : दगड किती उघडे, खड्डा किती खोल, कधीपासून. वडिलांनी हाताने मापे दाखवली आणि मी पट्टीने मोजून लिहिली. कागद घेतला गेला. आवक क्रमांक दिला गेला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री एक कमान बसली. सुदैवाने पुलावर कोणी नव्हते. आमच्या वस्तीतली पोरे पुढची जवळजवळ दोन वर्षे तीन किलोमीटरचा वळसा घालून शाळेला गेली. पूल पडण्याचे कारण 'अतिवृष्टी' असे लिहिले गेले. वडिलांना ते वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "पाऊस शेवटी आला. त्याच्या आदी लई जन येऊन गेलते."

त्या अर्जाला आज मी शास्त्रीय नाव देऊ शकते. ती खरवडीची कालक्रमाने केलेली नोंद होती. आज परदेशात असल्या नोंदीसाठी खांबांना उपकरणे बसवतात. आमच्याकडे ते उपकरण होते, महिन्याच्या पगारावर रोज पुलाखाली जात होते, आणि त्याला 'नैसर्गिक आपत्ती'च्या पलीकडे भाषा नसलेल्या कचेरीत कोणी विचारत नव्हते. पूल बोलला होता. ऐकणाराही होता. ऐकणाऱ्याचे ऐकणारा नव्हता.

म्हणून या पानांच्या वाचकांना, विशेषतः शिक्षक आणि कार्यकर्त्यांना, मला काही सुचवायचे आहे. आपल्या गावाच्या वाटेवरचा एकेक पूल घ्या. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, ठरलेल्या जागी कठड्यावरून दोरीला दगड बांधून सोडा आणि तळ किती खाली आहे ते लिहा. तड्याच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करून तारीख घाला. पुढच्या वर्षी तडा खुणेच्या पुढे गेला का ते पाहा. पाणी जाण्याच्या नळ्या तुंबल्या आहेत का, पोटाखाली तपकिरी डाग आहेत का, सांध्यात पिंपळ आहे का, हे पाहा. वाहत्या पाण्यात मात्र कोणी उतरू नये. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली चार गोष्टी मागा : पुलाचे बांधकामाचे वर्ष, शेवटच्या तपासणीची तारीख, त्या वेळी दिलेला दर्जा, आणि पूल बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे त्याचे पद. अभियंत्याची जागा आपल्याला घ्यायची नाही. तज्ज्ञाचे काम तज्ज्ञानेच करावे. पण त्याच्या भाकिताला लागणारी नोंद आपण देऊ शकतो, आणि नोंद दिल्यावर 'माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय कोणाला राहत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांनी अशी एक वही गेल्या पावसाळ्यानंतर सुरू केली. तिच्यात तारीख, ठिकाण, माप आणि निरीक्षकाचे नाव असे चार रकाने आहेत. पहिल्या पानावर मी त्या जुन्या अर्जातली मापे आठवतील तशी उतरवली आणि निरीक्षक म्हणून वडिलांचे नाव घातले. त्यांना दाखवली. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवले, मग विचारले, "आवक नंबर घेतला का?"